भुसारी सरांचा संशय

भुसारी सर दारातून जायचे ते दाराच्या बरोबर मधून. मधून म्हणजे अगदी मधून. उंबऱ्यावर त्यांनी खडूने एक रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेवर पाय ठेवायचा, दोन्ही हात अंगाशी घ्यायचे, छत्री उभी धरायची आणि सरळ पुढे बघत निघायचं. चौकटीपासून दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली पाहिजे. मी पहिल्याच दिवशी पोछा मारताना ती रेघ पुसून टाकली. सर आले, दारात थांबले आणि बाहेरच उभे राहिले. आत येईनात. शेवटी शिपाई मोरेश्वर खडू घेऊन धावत आला, तेव्हा ते आत आले.

"भिंत ओढते, बाई," ते मला म्हणाले. "हात नाही लावत. पण ओढते."

मी मान हलवली आणि बादली उचलून दुसऱ्या खोलीत गेले. माणूस बरा दिसत नाही, असं मनात आलं.

नागपुरात सदरच्या पलीकडे एक जुनं कॉलेज आहे. त्याच्या मागच्या इमारतीत मी झाडू-पोछ्याचं काम करते. सोमवार, बुधवार, शुक्रवार या इमारतीत आणि बाकीचे तीन दिवस लायब्ररीत. काम ठेकेदाराकडून मिळालेलं. कोणी एक कागद लिहून तक्रार केली की ठेकेदार विचारपूस करत नाही, उद्यापासून येऊ नका म्हणतो. म्हणून मी कोणाशी जास्त बोलत नाही. तशीही मला बोलायची लाज वाटते. मोरेश्वर मात्र दोघांचं मिळून एकटाच बोलतो. तो प्रयोगशाळेचा शिपाई.

"सुमनबाई," त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं, "या सराले दोन वर्षं झाले रिटायर होऊन. घरी कोणी नाही, म्हणून इथंच राहते दिवसभर. चावत नाही. फक्त संशय घेते."

संशय कशाचा घ्यायचे हे विचारू नका, कशाचा नाही ते विचारा. चहा आला की पहिला घोट मोरेश्वरला प्यायला लावायचे. विष असेल म्हणून नाही, साखर असेल म्हणून. मोबाईल टॉवेलात गुंडाळून बाहेरच्या टेबलाच्या खणात ठेवायचे, कारण तो ऐकतो. छत्री कोपऱ्यात ठेवली की निघताना तिच्या काड्या मोजायचे. रोज आठच भरायच्या. पण त्यानं त्यांचं समाधान होत नसे. "आज आठ हायेत," एवढंच म्हणायचे, म्हणजे उद्याचं काही सांगता येत नाही.

थंडीत एकदा मोरेश्वरनं जिन्यात बसून संत्रं सोललं. सर दोन खोल्या पलीकडून नाक वर करत आले.

"कोणी सोललं?"

"सर, एकच होतं."

"सालीतून तेल उडते गा! तेल हवेत जाते, हवेतून माझ्या नळात जाते. तू संत्रं खाऊन राहिला का माझा प्रयोग खाऊन राहिला?"

तेव्हापासून आमच्या मजल्यावर संत्रं बंद झालं. नागपुरात राहून संत्र्याला बंदी घातलेली दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

त्यांचा तो नळ खोलीच्या मधोमध होता. स्टीलचा, जाडजूड, माझ्या घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल एवढा लांब. एका टोकाला गॅसची टाकी, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर आणि खाली पंप. पंप दिवसभर घुमत राहायचे. नळातली हवा काढायला ते लावलेले. मला वाटायचं, हवा काढून काढून हा माणूस ठेवतो कुठे? आणि दाराला आतून कडी कशाला लावतो? आमच्या वस्तीत एकानं असंच खोलीत बंद होऊन काहीबाही केलं होतं, नंतर पोलीस आले होते. म्हणून मी त्या खोलीत दाराजवळूनच झाडायला सुरुवात करायची. पळायची वेळ आली तर दार जवळ हवं.

एके दिवशी सरांनी मला आत बोलावलं. हातात एक छोटी डबी होती.

"या बाई. हात मागं ठेवा. श्वास हळू घ्या."

डबीत टिकलीएवढी एक चौकट होती आणि तिच्यात पातळ पापुद्रा ताणलेला. उजेडात धरला की त्याच्यावर रंग पळायचे. एका कोपऱ्यात तो फाटलेला होता.

"हे जाळी. हे मोरेश्वर शिंकला तेव्हा फाटली. चांगली आत नळात बसवली हाय. हिच्यात उभ्या फटी हायेत. तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत हजारेक फटी बसतीन."

मी हो म्हटलं. मोठ्या माणसांना हो म्हटलं की लवकर सुटका होते. पण त्या दिवशी सरांना सांगायचंच होतं.

"टाकीतून अणू निघतात. अणू म्हणजे सगळ्यात बारीक कण. त्याची धार या फटीतून जाते. जो अणू मधून गेला तो सुटला. जो दांडीच्या जवळून गेला त्याले दांडी ओढते. शिवत नाही, धरत नाही, फक्त ओढते. तो जरासा वाकते अन् पुढं जाते. मी हे मोजून राहिलो, का तो किती वाकला."

हे मात्र मला समजलं. आमची गल्ली तशीच आहे. मधून भरभर चाललं तर माणूस पाण्याच्या नळावर वेळेवर पोचतो. दारांच्या कडेनं चाललं की एकीनं नुसतं बघितलं तरी पाय तिकडे वळतात. मला हे सरांना सांगावंसं वाटलं, पण मी सांगितलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी ज्यांनी ज्यांनी हे मोजलं त्यांची ओढ लहान आली होती. सरांची मोठी यायची. त्यांचा सगळा जीव त्या मोठ्या आकड्यात होता. "माझा आकडा खरा ठरला," ते म्हणायचे, "तर पुस्तकात नवीन ओळ टाका लागन. इतके वर्षं दुसऱ्याच्याच ओळी शिकवल्या मी." पुण्याचे एक मोठे प्राध्यापक तो आकडा बघायला येणार होते. मे महिन्यातला एक गुरुवार ठरला होता.

आणि नेमका त्याच सुमारास आकडा बिघडायला लागला. एक दिवस मोठा, दुसऱ्या दिवशी लहान. सरांनी आधी पंपावर संशय घेतला, मग कुलरवर, मग कबुतरांवर. मोरेश्वरवर तर ते कायमच घ्यायचे. एका सोमवारी मी झाडू टेकवून निघत होते, तेव्हा सर दाराच्या मधोमध उभे राहिले.

"बाई, बसा."

मी बसले नाही. त्यांनी एक वही उघडून माझ्यासमोर धरली. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण सरांचं अक्षर मोठं होतं. दर दिवसाला एक ओळ. 'मंगळवार. बाई नाही. ओढ जास्त. बुधवार. बाई आल्या, सव्वादहा. ओढ कमी. गुरुवार. बाई नाही. ओढ जास्त. शुक्रवार. बाई आल्या, दहा वाजून पाच मिनिटं, खोकत होत्या. ओढ कमी.' असं तीन आठवड्यांचं. एकही ओळ चुकलेली नव्हती.

"तुम्ही आल्या का माझी ओढ कमी होते," सर म्हणाले. "तुम्ही करता काय?"

"झाडते जी."

"अजून?"

"पोछा मारते."

"मले संशय आहे," ते म्हणाले आणि खणातून एक कागद काढला. त्याच्यावर ऑफिसच्या नावानं माझी तक्रार लिहिलेली होती. सही तेवढी व्हायची होती. "पुण्याचे साहेब येऊन राहिले. त्याच्याआधी मले पक्कं समजलं पाहिजे. एक आठवडा देतो."

मी घरी गेले ते सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरात कोणाला काय सांगायचं? काय चोरलं असं कोणी विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. माझ्या येण्यानं काहीतरी कमी होतं, याला नाही कसं म्हणायचं? मी माझे हात बघितले. बांगड्या बघितल्या. खरं सांगते, मलाच माझा संशय यायला लागला.

बुधवारपासून सरांनी माझी तपासणी सुरू केली. बुधवारी काहीही करायचं नाही, फक्त बसायचं. स्टुलावर दोन तास बसवलं. पंप घुमत होते, सर कॉम्प्युटरकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग कॉम्प्युटरकडे. मला खोकला आला तेव्हा त्यांनी घड्याळ बघून लिहून घेतलं. आकडा मोठाच राहिला.

"सुमनबाई," मोरेश्वर बाहेर भेटला, "तुमचं बसणं निर्दोष निघालं वं. खोकलाही सुटला. आता झाडू अडकते का पाहू."

शुक्रवारी बांगड्या काढून फक्त झाडायला लावलं. आकडा मोठा. सोमवारी बांगड्या घालून झाडायला लावलं. आकडा मोठाच. सरांचा आठवडा असा आनंदात गेला की त्यांनी मोरेश्वरला चहाचा पहिला घोट प्यायला लावायचंही सोडलं. फक्त पोछा उरला होता. पोछाच गुन्हेगार, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. मला मात्र झोप नव्हती. तक्रारीत झाडू काय आणि पोछा काय, नाव माझंच राहणार.

बुधवारी त्यांनी मला सगळं काम रोजच्यासारखं करायला सांगितलं. झाडलं, आकडा मोठा. पोछा मारला, सगळी फरशी ओली झाली, तरी आकडा मोठाच. सर गोंधळले. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"याच्यानंतर रोज काय करता?"

"काही नाही जी. बादली रिकामी करते."

"कुठी?"

मी बाहेर बोट दाखवलं. सर छत्री उघडून माझ्या मागे निघाले, त्यांच्या मागे मोरेश्वर. दुपारचं ऊन असं होतं की चपलेतून चटका लागत होता. इमारतीच्या मागे, सरांच्या खिडकीच्या खाली, भिंतीला लागून कडुनिंबाचं एक रोप उगवलं आहे. पोछ्याचं घाण पाणी मी मोरीत टाकते. पण कापड शेवटचं खळबळलं की बादलीत बऱ्यापैकी स्वच्छ पाणी उरतं. उन्हाळ्यात तसलं पाणी मोरीत सोडायचं नाही, झाडाच्या बुडाशी टाकायचं, अशी आमच्या आईची शिस्त होती. त्या रोपाला दुसरं कोण पाणी घालणार? ऊन तापायला लागलं तेव्हापासून मीच घालत होते. तपासणीच्या आठवड्यात पोछाच नव्हता, म्हणून पाणीही नव्हतं. रोप मान टाकून उभं होतं.

मी बादली ओतली. पाणी पानांच्या कचऱ्यातून झिरपत खाली गेलं. सर वाकले आणि छत्रीच्या टोकानं कचरा बाजूला केला. खाली सिमेंटचं फुटलेलं झाकण होतं, त्यात लोखंडी पाईपचं तोंड, आणि तिथून तांब्याची एक पट्टी निघून भिंतीवरून वर, खिडकीतून सरळ सरांच्या खोलीत गेली होती.

"मोरेश्वर," सर खूप हळू म्हणाले, "हे काय हाय?"

"अर्थिंगचा खड्डा, सर."

"उन्हाळ्यात याच्यात मीठ-पाणी टाका लागते ना?"

"हाओ."

"टाकलं?"

मोरेश्वर रोपाकडे बघायला लागला. "आधीचा वायरमन टाकत होता, सर. तो बदलून गेला. मले वाटलं, नवा टाकत असन. नव्याले वाटलं असन, मी टाकतो."

सर आत गेले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. मीही दारात उभी राहिले, मला जा असं कोणी म्हटलं नव्हतं. अर्ध्या तासात तो आकडा आमच्यासमोर खाली खाली येत लहान झाला आणि तिथेच थांबला.

"वीज होती, बाई," सर पाठमोरेच म्हणाले. "जाळीवर साचून राहिली होती. खालची जमीन कोरडी झाली, तिले उतरायले रस्ता नाही. मंग तीच अणूले ओढून राहिली होती. तुम्ही पाणी टाकलं का उतरून जाये. दांडीची खरी ओढ लहानच हाय. सगळ्यांची येते तेवढीच."

मी सुटले होते. मला केवढं हलकं वाटायला पाहिजे होतं. पण सरांची मान बघितली आणि ते हलकेपण कुठे गेलं कळलं नाही.

मोरेश्वरनं खाकरून घसा साफ केला. "सर, एक बोलू का? आज बुधवार. साहेब उद्या येऊन राहिले. उद्या सकाळपर्यंत खड्डा आपोआप सुकते. आपण काही करायचंच नाही. पुण्याच्या माणसाले काय समजते, नागपुरातला कोणता खड्डा ओला अन् कोणता कोरडा?"

पंप घुमत होते. सर त्या लहान आकड्याकडे बघत होते. माझ्या मनात आलं, हो म्हणतील. आणि खरं सांगते, मलाही वाटलं, म्हणू दे. एका दिवसाचा तर प्रश्न.

"त्याले नाही समजणार," सर म्हणाले. "मले समजते ना." मग उठले. "बाई, ते बादली द्या."

मी भरून आणते म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. स्वतः नळावर जाऊन बादली भरली, मोरेश्वरला मेसमधून मीठ आणायला पिटाळलं आणि दोन्ही हातांनी बादली धरून, पायजम्यावर पाणी सांडत, त्या उन्हात खड्ड्यापर्यंत तीन खेपा केल्या. छत्री न घेता. मग बाहेरच्या खणातून टॉवेलाची गुंडाळी काढली, मोबाईल सोडवला आणि पुण्याला फोन लावला.

"येऊ नका," ते म्हणत होते. "नाही, नाही, तब्येत ठीक आहे. आकडा बरोबर आला, म्हणून येऊ नका."

माझा तक्रारीचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. त्याचे बारीक बारीक तुकडे केले. अर्धे माझ्या हातात दिले आणि अर्धे मोरेश्वरच्या, म्हणजे कोणाला जोडता येणार नाही.

पुढचा एक आठवडा ते रोज मोजत राहिले. खड्डा रोज ओला ठेवला. मी आले त्या दिवशीही आकडा लहान, नाही आले त्या दिवशीही तेवढाच. मोजायचं काही उरलं नाही. त्यानंतरच्या बुधवारी मी गेले तर खोली वेगळीच वाटली. आधी समजेना, काय झालं. मग लक्षात आलं, पंप बंद आहेत. पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. सर खुर्चीत बसले होते, मांडीवर वही उघडी, पान कोरं. मोरेश्वर ऑफिसात गेला होता.

मी झाडलं, पोछा मारला. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. किती वाजता आले ते लिहिलं नाही. मी मुद्दाम जरा खोकून पाहिलं, तेही लिहिलं नाही. जाताना मी दारात थांबले.

"सर, आता संशय गेला ना जी?"

"हाओ," ते म्हणाले. "गेला." मग थोड्या वेळानं, माझ्याशी नाही, त्या कोऱ्या पानाशी बोलावं तसं म्हणाले, "आता उद्या येऊन करू काय मी?"

मला जायचं होतं. खाली दोन खोल्या झाडायच्या राहिल्या होत्या. मी बादली खाली ठेवली.

"सर," मी म्हटलं, "शुक्रवारी मी खिडकीच्या काचा पुसते जी."

ते हलले नाहीत.

"सोमवारी नाही पुसत, बुधवारी नाही. फक्त शुक्रवारी. ते आपण तपासलंच नाही."

सरांनी हळूहळू मान वर केली. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक झाले.

"आतून का बाहेरून?"

"दोन्हीकडून जी."

"पेपरानं?"

"कापडानं. जुन्या साडीच्या."

"कोणती साडी? सुती का नायलॉनची? नायलॉन घासलं का वीज तयार होते."

साडी सुती होती. लग्नातली, धुऊन धुऊन विरलेली. पण सर खुर्चीच्या कडेला सरकून आले होते आणि पेनाचं टोपण त्यांनी दातात धरलं होतं.

"नायलॉनची जी," मी म्हटलं.

सर उठले, त्यांनी पंपाचं बटण दाबलं, आणि वहीच्या कोऱ्या पानावर पहिलं माझं नाव लिहिलं.